राजगड एका दिवसात: वाट कोणती, वेळ किती आणि काय सोडायचं

राजगड एका दिवसात पूर्ण होत नाही, हे आधीच मान्य करून निघावं. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, म्हणजे तट बांधलेल्या डोंगरसोंडा, तीन दिशांना पसरल्या आहेत आणि त्यांच्या मधोमध बालेकिल्ला, म्हणजे गडाचा सर्वांत उंच भाग, उभा आहे. एकटी संजीवनी माचीच साधारण अडीच किलोमीटर लांब. सकाळी चढून संध्याकाळी उतरणाऱ्याने पद्मावती माची, बालेकिल्ला आणि उरलेल्या दोनपैकी एक माची एवढाच बेत करावा. सगळं उरकायला निघालेले बहुतेक जण बालेकिल्ल्याच्या गर्दीत दमतात, संजीवनीच्या पहिल्या बुरुजावर फोटो काढतात आणि परततात. या गडाच्या बांधणीतलं खरं डोकं तिथून पुढे दिसतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

दोन्हींतली कोणती माची, असं विचाराल तर पहिल्या खेपेला संजीवनी. मात्र लहान मुलं सोबत असतील तर सुवेळा बरी. ती जवळ आहे आणि कड्यातलं नेढं, म्हणजे आरपार भोक, पाहिलं की मुलांचा शीण निघून जातो.

गुंजवणे की पाली?

पुण्याहून दोन वाटा सोयीच्या. पहिली गुंजवण्याची. पुणे-सातारा महामार्गावर चेलाडी फाट्याला वळायचं आणि नसरापूर, मार्गासनी, साखर असं गुंजवण्यात पोचायचं. साधारण 60 किलोमीटर, गाडीने दीड ते दोन तास. एसटीने जाणाऱ्यांनी स्वारगेटहून वेल्ह्याची गाडी धरून मार्गासनीला उतरावं. पुढे जीप मिळते, पण ती भरेपर्यंत थांबावं लागतं. शनिवार-रविवार सोडून गेलात तर या थांबण्याचा वेळ हिशोबात धरा.

गुंजवण्याहून चढणारी वाट चोर दरवाज्यात निघते. सवयीच्या माणसाला दोन तास, नवख्याला अडीच ते तीन. सुरुवातीला झाडीतली पायवाट आहे, मग खडी सोंड आणि शेवटी कातळातला रेलिंगचा टप्पा. हा टप्पा फार लांब नाही, पण चढ अंगावर येतो आणि एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. रेलिंगचा हात एका माणसाच्या भाराला पुरतो. चौघांनी एकदम लटकू नये. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून पाण्याची बाटली, काठी, मोबाइल सगळं आधीच पाठीवर टाका. दरवाजा इतका बुटका आहे की वाकूनच आत शिरावं लागतं आणि पाठीवरची उंच सॅक कमानीला हमखास अडकते. सॅक काढून आधी पुढच्याच्या हातात द्यावी. आत काही पायऱ्या चढल्या की समोर पद्मावती तळं.

दुसरी वाट पाली दरवाज्याची. वेल्ह्याच्या बाजूने किंवा पानशेत रस्त्यावरून पाबे घाटाने पाबे-वाजेघरकडे यायचं आणि पालीच्या अंगाने चढायचं. हा गडाचा राजमार्ग. पायऱ्या प्रशस्त, चढ बेताचा, दरवाजा भव्य. अंबारीसह हत्ती आत यावा एवढी त्याची उंची आहे. एकामागोमाग दोन दरवाजे आहेत आणि दुसऱ्यापाशी येणारा माणूस वरच्या बुरुजांच्या पुरता माऱ्यात येतो. ज्येष्ठ, मुलं किंवा गुडघ्याचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर दुसरा विचार न करता पाली घ्या.

गुंजवण्याने चढून पालीने उतरावं हा बेत कागदावर फार छान दिसतो. पण दोन्ही पायथे डोंगराच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत आणि संध्याकाळी एका गावातून दुसऱ्या गावात न्यायला वाहन मिळेलच असं नाही. स्वतःची गाडी असेल तर चढलात त्याच वाटेने उतरा. गट मोठा असेल आणि गाडीचा चालक वर येणार नसेल तरच हा बेत जमतो.

गुंजवणे दरवाजा या नावाचा वेगळा दरवाजा पद्मावती माचीवर आहे, पण त्याची जुनी वाट आज फारशी वापरात नाही. गावात विचारताना 'चोर दरवाज्याची वाट' असंच विचारा. आळू दरवाजा संजीवनी माचीवर आहे. तो भुतोंड्याकडून येणाऱ्यांचा आणि तोरणा-राजगड चाल करणाऱ्यांचा. एका दिवसाच्या फेरीत त्याचं काम नाही.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बिनघोर काळ. पाऊस ओसरताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, माच्यांवर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो आणि हवा धुतलेली असते. गड सर्वांत देखणा तेव्हा दिसतो, पण कातळ अजून ओला असतो आणि परतीच्या पावसात दुपारी विजा होतात. ढग दाटले की बालेकिल्ला आणि बुरुजांची टोकं सोडून खाली माचीवर यावं. झाडाखाली किंवा लोखंडी रेलिंगला धरून उभं राहू नये.

जून ते ऑगस्टमध्ये धुकं इतकं असतं की हाताशी असलेला तट दिसत नाही. हिरवाईसाठी यायचं असेल तर पालीने या, पद्मावती माची पाहा आणि उतरा. बालेकिल्ल्याची वाट आणि चोर दरवाज्याचा कातळ शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो. जिल्हा प्रशासन अतिवृष्टीच्या दिवसांत गडावर जायला बंदी घालतं, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी.

मार्च ते मे या काळात अंधारात चढायला लागून साडेआठच्या आत वर पोचायचं आणि अकरानंतर उन्हात चालायचं नाही, हे पाळता येत असेल तरच जा. या दिवसांत गुंजवण्याच्या सोंडेवर सुटा मुरूम असतो. चढताना काही जाणवत नाही, उतरताना पाय सटकतो. चिखलापेक्षा या कोरड्या मुरुमाने जास्त जण आपटतात.

पाठीवर काय

माणशी तीन लिटर पाणी, उन्हाळ्यात चार. गडावर टाकी आणि तळी भरपूर आहेत, पण त्यातलं पाणी कोणत्या महिन्यात पिण्याजोगं असेल याचा भरवसा नाही. टाक्यातलं पाणी घ्यायचीच वेळ आली तर गाळून आणि शुद्धीकरणाची गोळी टाकून घ्या. वाटेत आणि माचीवर आसपासच्या गावांतली माणसं ताक, लिंबू सरबत, कधी पिठलं-भाकरी विकतात. मधल्या वारी ही सोय नसेल असं धरून चला. रेंज मधूनच जाते, त्यामुळे सुटे पैसे जवळ हवेत.

खाण्यात गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, दशम्या किंवा ठेपले. घामाने मीठ जातं, म्हणून मीठ-साखरेची किंवा ओआरएसची दोन पाकिटं. नुसतं पाणी ढोसून दुपारी पायात गोळे येतात ते याचसाठी.

बुटाचा तळवा कातळ धरणारा हवा. गुळगुळीत तळव्याचे चालण्या-पळण्याचे बूट ओल्या बेसॉल्टवर निसटतात. सह्याद्रीत फिरणारे पुष्कळ जण वर्षानुवर्षं साधे हंटर बूट वापरत आले आहेत, आणि एका दिवसाच्या गडाला ते पुरतात. नवे कोरे बूट मात्र इथे पहिल्यांदा घालू नयेत. जीन्स भिजली की जड होते आणि मांड्या घासतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, सैल पँट, टोपी आणि एक मोठा सुती पंचा असू द्या. पंच्याचं काम पुढे येईल. विजेरी दिवसाच्या फेरीतही लागते, संजीवनीच्या दिंड्यांत, म्हणजे तटातल्या लहान दारांत.

वेळेचं गणित

साडेसहाला पायथा सोडा. नऊच्या सुमारास पद्मावती माचीवर असाल. तिथे बसकण मारायचा मोह होतो, पण आधी बालेकिल्ला करा. त्याची वाट एकपदरी आहे आणि सुट्टीच्या दिवशी दहानंतर चढणारे आणि उतरणारे एकमेकांना अडवून उभे राहतात. अरुंद कातळावर रेलिंगला धरून खोळंबणं हा गडावरचा सर्वांत धोक्याचा प्रसंग, कारण उतावळा माणूस तेव्हाच रेलिंगच्या बाहेरून जायला बघतो. साडेअकराच्या आत खाली या. मग माची, मग जेवण आणि पद्मावती. तीनला उतरायला सुरुवात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पूर्व-उत्तरेच्या वाटांवर अंधार त्याआधीच उतरतो.

पद्मावती माचीवरून बालेकिल्ल्याकडे तोंड करून उभं राहिलं की गडाची मांडणी कळते. सदरेवरून वर गेलेली वाट पुढे फुटते. डावीकडची बालेकिल्ला आणि सुवेळेला जाते. उजवीकडची बालेकिल्ल्याच्या कड्याला बिलगत संजीवनीकडे. धुक्यात चुकतात ते याच फाट्यावर, म्हणून इथे सगळे जमल्याशिवाय पुढे जायचं नाही.

बालेकिल्ला

बालेकिल्ल्याच्या पायथ्यापासून वीस ते तीस मिनिटं. वाट खडी आहे, पायाखालच्या खोबण्या झिजलेल्या आहेत. तोंड कातळाकडे ठेवून चढायचं आणि उतरतानाही अवघड जागी तोंड कातळाकडेच. पाठ कातळाला लावून, बसत बसत उतरणाऱ्याची सॅक मागे अडते आणि तोल पुढे जातो. उंचीची भीती असलेल्याला आग्रह करू नका. खाली थांबणाऱ्याचं काही फार चुकत नाही.

महादरवाज्याच्या कमानीवर कमळ आणि स्वस्तिक कोरलेलं आहे. अफजलखानाचं मस्तक या दरवाज्याच्या भिंतीत पुरलं, असं सांगितलं जातं. ती परंपरा म्हणूनच ऐकावी. आत जननी मंदिर, चंद्रतळं, ब्रह्मर्षी मंदिर आणि वाड्यांची जोती आहेत. हवा स्वच्छ असेल तर तोरणा, सिंहगड, पुरंदर, रायरेश्वर ओळखता येतात आणि पश्चिमेला लिंगाणा-रायगडही दिसतो. शिवाजी महाराजांची राजधानी इथे का होती, याचं उत्तर या दर्शनात आहे. मावळातले महत्त्वाचे गड एका नजरेत येतात, आणि या माथ्यापर्यंत पोचायला शत्रूला आधी एखादी माची जिंकावी लागते, मग हा कडा. 1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले गेले आणि 12 उरले, त्या बारांत राजगड होता. आग्र्याहून सुटून महाराज 1666 मध्ये परतले तेही इथेच. रायगडाकडे राजधानी जाईपर्यंत पाव शतकाच्या आसपास कारभार इथूनच चालला.

संजीवनी: तट कसा वाचायचा

फाट्यावरून उजवीकडे निघालात की माची तीन टप्प्यांत खाली उतरत जाते. जाऊन-येऊन, नीट पाहत, अडीच तास धरा. सावली जवळजवळ नाही.

नुसतं तटावरून चालत टोकाला जाऊ नका, तटाच्या आत उतरा. इथे एकामागे एक असे दोन तट आहेत आणि त्यांच्या मधे जेमतेम एक माणूस मावेल एवढी चिंचोळी नाळ सोडली आहे, दोन-तीन पुरुष खोल. बुरुजांचंही तसंच. आतला बुरुज आणि त्याच्याभोवती दुसरा, म्हणून त्यांना चिलखती बुरुज म्हणतात. बाहेरचा तट तोफेने फोडून शत्रू आत घुसला, तर तो मोकळ्या माचीवर येत नाही, या नाळेत येतो. तिथे त्याला पसरता येत नाही, शिडी लावायला जागा नाही, आणि वर आतल्या तटावर गडकरी उभे. फुटलेला तट शत्रूलाच अडकवतो.

हे डोळ्यांनी पाहायचं तर बुरुजालगतच्या दिंडीतून खाली जाणाऱ्या पायऱ्या शोधा. जिना वळत वळत अंधारात उतरतो आणि नाळेत निघतो. आत शिरण्याआधी विजेरी लावा, काठी आपटा आणि क्षणभर थांबा. गारव्याला साप असतो, वटवाघळं असतात. पायऱ्या उंच आणि असमान आहेत, दोन्ही हात भिंतींना लावून एकेक उतरा. पावसाळ्यात आणि नंतर महिनाभर तळाशी चिखल असतो, तेव्हा वरूनच पाहावं. खाली उभं राहून वर बघितलं की आभाळाची एक पट्टी दिसते, आणि वरच्या माणसाच्या हातात नुसता धोंडा असला तरी काय झालं असतं ते सांगावं लागत नाही. सगळ्यांनी एकदम उतरू नका. दोघे खाली, बाकीचे वर, मग अदलाबदल.

तटालगत पाण्याची टाकी आणि पहाऱ्यावरच्या लोकांसाठी बांधलेले शौचकूपही आहेत. रात्रंदिवस जागा न सोडता पहारा द्यायचा तर त्यांची गरज होतीच. फिरणारे बहुतेक जण त्यांच्यापुढून न बघता जातात. आळू दरवाज्यापाशी वाघाने सांबर उताणं पाडल्याचं शिल्प आहे, तेवढं मात्र पाहून घ्या.

तटावर चालताना बाहेरच्या कडेपासून हातभर आत राहा. वरचे दगड सुटलेले आहेत आणि गवत वाढलं की कड कुठे संपते ते दिसत नाही. वाऱ्याच्या दिवशी टोकाच्या बुरुजावर उभं न राहता बसावं.

सुवेळा आणि आग्या मोहोळ

सुवेळा पूर्वेला आहे, सूर्य समोर उगवतो. डुब्याला, म्हणजे माचीवरच्या टेकडीवजा उंचवट्याला, वळसा घालून पुढे गेलं की झुंजार बुरुज माचीचे दोन भाग करतो, आणि हत्तीसारख्या दिसणाऱ्या खडकात आरपार भोक आहे तेच नेढं. जाऊन-येऊन दीड तास. नेढ्यात चढायचा शेवटचा कातळ छोटा पण निसरडा आहे. दोन-तीन माणसं बसतील एवढीच जागा समजा.

नेढ्याच्या आणि बालेकिल्ल्याच्या कड्यांवर आग्या माश्यांची पोळी लागतात. त्या उठतात त्या धुराने, अत्तराने, दगड मारल्याने आणि आरडाओरड्याने. म्हणून अत्तर लावून येऊ नये, विडी-सिगारेट पेटवू नये आणि नेढ्यात आरोळ्या ठोकू नयेत. माश्या उठल्याच तर हात हलवून हाकलू नका, मारू तर मुळीच नका. चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या तिथेच येतात. पंचा डोक्यावरून घेऊन चेहरा आणि मान झाका आणि आल्या वाटेने लांब जा. कड्याच्या बाजूला पळणारा माणूस माश्यांनी नाही, पडून मरतो. काटे नखाने खरवडून काढा. पुष्कळ डंख असतील, ओठ-घसा सुजत असेल किंवा श्वास लागत असेल तर 108 वर फोन लावा आणि माणसाला एकट्याने उतरवू नका.

पद्मावती माची, जेवण आणि उतरणं

दुपारची विश्रांती इथे. पद्मावती मंदिरासमोर सईबाईंची समाधी आहे. त्यांचं निधन 5 सप्टेंबर 1659 रोजी याच गडावर झालं. राजाराम महाराजांचा जन्मही इथलाच, 24 फेब्रुवारी 1670. जवळच रामेश्वर मंदिर, वर सदर, दारूकोठार आणि वाड्याचे अवशेष. जोत्यांच्या दगडांवर चढून डबे उघडू नका, चिऱ्यांच्या फटींत गेलेलं अन्न माकडं उकरून काढतात आणि दगड निखळतात. माकडं प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात. खाणं सॅकमध्येच ठेवून थोडं थोडं काढा.

राजगड हे राज्य संरक्षित स्मारक आहे आणि जुलै 2025 पासून मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांमध्ये जागतिक वारसा यादीतही आहे. दगडावर नाव कोरणं, दारू, शेकोटी यांवर गुन्हा दाखल होतो. ड्रोनला आधी परवानगी लागते. मुक्काम करायचा विचार असेल तर सध्या परवानगी आहे का ते पुरातत्त्व खात्याकडे आणि गावात विचारूनच ठरवा. पायथ्याच्या गावात राहून पहाटे चढणं केव्हाही सोयीचं.

उतरताना गटातला सर्वांत हळू माणूस पुढे आणि अनुभवी माणूस शेवटी. गुंजवण्याच्या रेलिंगवर उतरणारे आणि चढणारे समोरासमोर आले तर चढणाऱ्याला आधी येऊ द्या, कारण त्याला थांबायला खाली जागा नसते. मुरुमावर पाय आडवे टाका, गुडघे किंचित वाकवा आणि टाचेवर जोर देऊ नका. खाली पोचल्यावर माणसं मोजूनच गाडी सुरू करा. एसटीने परतायचं असेल तर शेवटच्या गाडीची वेळ सकाळी मार्गासनीलाच विचारून ठेवा, कारण अंधार पडल्यावर तिथून पुण्याला जायला दुसरं काही मिळणं कठीण असतं.